कूलरमधला पाहुणा

तुम्ही दोघं दर रविवारी फोनवर विचारता, आजी, तो आता आनंदात आहे का? मी हो म्हणते आणि फोन आडवा करून तुम्हाला त्याचं शेपूट दाखवते. पण खरं सांगायचं तर मला ते नक्की ठाऊक नाही. का ठाऊक नाही, हे फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

तो मुळात तुमच्या आत्याआजीचा कुत्रा, म्हणजे आजोबांच्या धाकट्या बहिणीचा. तिचं घर कोराडीला, वीज केंद्रापासून फार लांब नाही. राख आत येते म्हणून तिच्या खिडक्या बारा महिने बंद असायच्या. तिचे यजमान गेले त्याच वर्षी कोणीतरी तिला सोबत म्हणून हे पिल्लू आणून दिलं. तेव्हापासून सहा वर्षं त्या पिल्लानं तिला पाहिलं आणि दाराच्या फटीतून दूधवाल्याचा हात पाहिला. बाहेरचं जग म्हणजे त्याच्यासाठी कोळशाच्या ट्रकचा आवाज. दिसायला तो पॉमेरियनसारखा, पण कान खाली पडलेले आणि डोळे कायम कोपऱ्याकडे.

डिसेंबरात आत्याआजी न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, तिला पुण्याला घेऊन गेला. तिथे चौथ्या मजल्यावरचं घर, नवराबायको दोघंही नोकरीला, कुत्र्याची सोय नाही. म्हणून भाचा त्याला झाकणाच्या टोपलीत घालून आमच्याकडे सोडून गेला. जाताना म्हणाला, मामी, एक महिना बघा, नाहीच रुळला तर कुही गावाकडे माझ्या मित्राचं शेत आहे, तिथे ठेवतो. त्या शेतावर दोन मोठी कुत्री आधीच होती, आणि साखळीही. स्टीलचं ताट खाली ठेवल्याच्या आवाजानं थरथरणारा हा जीव तिथे आठ दिवसही काढणार नाही, हे मला कळत होतं. तेव्हा माझ्याकडे एक महिना होता.

आत्याआजीनं दवाखान्यातून फोनवर त्याच्या सवयी सांगितल्या. "वहिनी, काही त्रास नाही त्याचा. दिवसभर माझ्या मांडीवर असतो. हातानं पोळी भरवली की गुमान खातो." मी ते सगळं वहीत लिहून घेतलं.

टोपलीचं झाकण उघडलं तसा तो बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या पडवीत धावला आणि कूलरमध्ये शिरला. थंडीत आपण कूलर स्टँडवरून खाली उतरवून ठेवतो आणि जुनी खस काढून टाकतो, ते तुम्हाला आठवत असेल. तर एका बाजूनं उघडा असलेला तो पत्र्याचा डबा त्याला घर वाटला. पाण्याच्या कोरड्या टाकीत अंगाची गुंडाळी करून तो बसला तो बसलाच.

मी वेळापत्रक केलं. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सात. त्या वेळेला कूलरसमोर पाट मांडून मी दूधपोळीचा घास हातात धरायची. घे रे राजा, एवढा एकच, बरं अर्धा घे. तो तोंड फिरवून पत्र्याकडे बघायचा. मी आणखी तूप लावायची.

"अवं, तू त्याले व्याह्यासारखं वाढून राहिली," आजोबा खुर्चीतून म्हणाले. "मंग रुसन नाही तं काय करन?"

मी वाटी तिथेच सोडून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी रिकामी होती. त्यानं खाल्लं की भिंतीवरून येणाऱ्या मांजरीनं, हे कसं कळणार? वहीत मी प्रश्नचिन्ह काढलं. पुढे त्या रकान्यात प्रश्नचिन्हांखेरीज फारसं काही नाही.

रोज दुपारी पुण्याहून फोन यायचा. मांडीवर बसतो ना? पहिल्या दिवशी मी म्हटलं, बसतो की. अंथरुणावर पडलेल्या बाईला आणखी काय सांगणार? दुसऱ्या दिवशी म्हटलं, माझ्या पदरावर पंजा ठेवून झोपला. आयुष्यभर शाळेत मुलांच्या खोट्या सबबी लाल शाईनं खोडल्या, आणि या वयात माझ्याच तोंडून एवढं सविस्तर खोटं निघत होतं. ती ऐकून गप्प राहायची, मग म्हणायची, बरं झालं.

तुम्ही पाठवलेली इंग्रजी पानं मी छापून घेतली होती. त्यात लिहिलं होतं की असा कुत्रा माणसांना घाबरतो, कारण त्यानं माणसं पाहिलेलीच नसतात. नव्या लोकांशी त्याची ओळख हळूहळू करून द्यावी. हे "हळूहळू" मी वाचलं होतं, अधोरेखितही केलं होतं. पण परीक्षा जवळ आली आणि पोर्शन उरला की शिक्षक जे करतात तेच मी केलं. महिन्यातले सोळा दिवस उरले होते. संक्रांतीचं हळदीकुंकू करायचंच होतं. अठरा बायका येणार, सगळ्या ओळखीच्या, सभ्य. मनात आलं, एका संध्याकाळी त्याच्या अठरा ओळखी होतील.

व्यवस्था मी चोख ठेवली. आधी हळदीकुंकू, मग तिळगूळ, मग एकेकीनं पडवीत जायचं, वाकून हळू आवाजात दोन शब्द बोलायचे आणि बिस्किटाचा तुकडा ठेवून परत यायचं. कोणी हात लावायचा नाही. बायका रांगेत उभ्या राहिल्या. काठापदराच्या साड्या, हातभर बांगड्या, अत्तराचा वास. शेजारची सून रांगेतूनच म्हणाली, "काकू, पाहुणा हाय का देव हाय वं हा? दर्शनाले उभं केलं तुम्ही आम्हाले." सगळ्या हसल्या. एकीनं तर खरोखरच कूलरच्या पत्र्याला कुंकवाचं बोट लावलं.

पहिल्या चार-पाच जणी होईपर्यंत मला वाटलं, जमलं. तो हलत नव्हता. मी ते धीराचं लक्षण समजले. दहावी बाई वाकली आणि तिच्या बांगड्या पत्र्यावर आपटल्या, तेव्हा आतून असा आवाज आला की तो भुंकणं होता की रडणं, मला सांगता येणार नाही. टाकीतून पाण्याची धार बाहेर आली. टाकी तर कोरडी होती; पाणी कुठून आलं, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. बायका पदर सावरत बैठकीत परतल्या आणि वाण घेऊन लवकर निघाल्या.

पुढचे दोन दिवस वाटी जशीच्या तशी. मी ती पानं पुन्हा वाचली. माझं काय चुकलं ते त्यांत स्वच्छ लिहिलेलं होतं. पण आता काय करायचं, ते काही सापडेना. वेळापत्रक मी भिंतीवरून काढलं. वाटी ठेवायची आणि आत यायचं, एवढंच उरलं.

मग एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला तो बाहेर दिसला. आजोबा थंडीभर मागच्या पडवीत ऊन खात पेपर वाचतात. त्यांना कुत्री कधीच आवडली नाहीत. याच्याशी एक अक्षर ते बोलले नव्हते, त्याच्याकडे बघतही नसत. आणि हा त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, त्यांच्याकडे पाठ करून, उन्हात पडलेला. मी दाराशी गेले तसा तो कूलरमध्ये पळाला.

"तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काई नाही. पेपर वाचून राहिलो."

त्यावर माझा विश्वास बसला नाही. आठवडाभर मी खिडकीतून बघत राहिले. ते खरोखर काहीच करत नव्हते. मग एकदा ते दवाखान्यात गेलेले असताना मी त्याच खुर्चीत, त्यांचा मफलर गुंडाळून, तोच पेपर घेऊन तासभर बसले. कूलरमधून नाकसुद्धा बाहेर आलं नाही. आजोबांनी परतल्यावर ऐकून घेतलं आणि विचारलं, पेपर सरळ धरला होता ना? मला हसू आलं नाही. इतकी मेहनत मी केली, आणि जो माणूस त्याच्याकडे बघतही नाही त्याच्याजवळ तो जातो, हे कोणत्या न्यायानं?

महिना संपला त्या रविवारी भाचा आला. त्याचा आवाज ऐकून कुत्रा खुर्चीजवळून उठला आणि कूलरमध्ये गेला. भाच्यानं चहा घेतला आणि म्हणाला, मामी, आई रोज सांगते की तो तुमच्या मांडीवर असतो. तसा एक फोटो काढू या, तिला बरं वाटेल.

मी खाली बसले आणि खरं सांगितलं. एकदाही नाही. माझ्या हातचा घाससुद्धा त्यानं घेतलेला नाही. तुझ्या आईशी मी महिनाभर खोटं बोलले.

त्यानं रिकामा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला की तसं असेल तर आजच घेऊन जातो, मित्र वाट बघतोय, पण आधी आईच्या कानावर घालतो. त्यानं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. झालं ते मीच पुन्हा सांगितलं.

"वहिनी," ती म्हणाली, "माझ्याही मांडीवर तो कधी बसला नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. मोरीच्या दाराशी बसायचा, हातभर लांब. मी झोपल्यावर खायचा. मांडीवर बसतो असं म्हटलं नसतं, तर तुम्ही ठेवून घेतला असता का?"

याचं उत्तर मला आजही देता येणार नाही. मी तिच्यावर चिडले होते की माझ्यावर, की मला हायसं वाटलं होतं, हेही नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की महिनाभर मी ज्या मांडीची वाट बघत होते, ती मांडी कुठे नव्हतीच.

भाचा टोपली घेऊन पडवीत गेला. आजोबा पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "काहून नेतं गा त्याले? बसला हाय ना आपल्या जागी."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. "मामी?"

"राहू दे," मी म्हटलं.

संध्याकाळी तो रिकामी टोपली घेऊन गेला. फाटकाचा आवाज झाला, गाडी सुरू झाली, आणि थोड्या वेळानं कुत्रा आपणहून घरात आला. महिन्यात पहिल्यांदा. भाच्याचे बूट होते ती जागा त्यानं फार वेळ हुंगली. मग बैठकीच्या मधोमध, उघड्या दाराकडे तोंड करून बसला. मी स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होते, श्वास रोखून, त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत. भाच्यानं परत यावं म्हणून तो बसला होता, की येऊ नये म्हणून राखण करत होता, हे मला कळेना. आजोबांना हळूच विचारलं, तर ते म्हणाले, त्यालेच विचार.

बाहेर गारठा वाढत होता. मी त्याच्या बाजूनं, लांबून, भिंतीच्या कडेनं गेले आणि दार लावून घेतलं.