हात लावून मोज

“हात लावून मोज!” हे बाईंचं पालुपद. पापड असोत, नारळ असोत, घरी आलेले पाहुणे असोत, बाई एकेकाला बोट लावणार आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटणार. नवखा माणूस दचकायचा. जावईबापू असले तरी सुटका नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, पण आमच्या बाई त्याच्या वरताण.

नवं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं, कचेऱ्या उघडल्या आणि ह्यांची नागपूरहून इथे बदली झाली. पुरानी बस्तीत बाईंच्या शेजारी दोन खोल्या मिळाल्या. बाईंचे आजोबा अमरावतीकडून रेल्वेत नोकरीला आलेले, त्यामुळे बाई जन्मापासून इथल्याच. सगळा पारा, म्हणजे अख्खी आळी, त्यांना दीदी म्हणायचा, मी बाई म्हणायची. एका हिंदी शाळेत त्या पाचवीच्या वर्गाला सगळे विषय एकट्याच शिकवत.

त्याच शाळेत आम्ही आमच्या शुभाला घेऊन गेलो. नागपूरच्या मराठी शाळेतून ती चौथी पास झालेली, तीही चांगल्या गुणांनी. बड्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला काहीबाही विचारलं. पोर मराठीतच उत्तरली. “हिंदी नहीं आती. इसे चौथी में ही बैठाइए,” मॅडम म्हणाल्या.

घरी आल्यावर ती जेवेना. “मी पास झाली नं आई? मंग परत चौथीत काहून?” मी तव्यावर राग काढला आणि दोन पोळ्या जाळल्या.

बाईंना कळलं. दुसऱ्या दिवशी त्या मॅडमना म्हणाल्या, तिमाही परीक्षेपर्यंत मुलगी माझ्या वर्गात बसू द्या, नाही जमलं तर मीच तिला चौथीत नेऊन बसवीन. मॅडमनी ऐकलं, पण परीक्षा स्वतः घेईन म्हणाल्या.

मग रोज संध्याकाळी बाई आमच्याकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी भाजीला आणलेली भेंडी उचलली. आडवी कापून म्हणाल्या, “हात लावून मोज. कोपरे किती?” पाच. झाला पंचकोन, झालं गणित. बिया मोजल्या, ते विज्ञान. काप शाईत बुडवून कागदावर फुलं उमटवली, ती चित्रकला. “आता ही भेंडी कोणत्या गावाहून आली, ते भाजीवालीले विचारून ये. भूगोल हाय तो.” शुभा घाबरत गेली आणि अडखळत हिंदीत विचारून आली. भाजीवाली तिला “हव नोनी, हव नोनी”, म्हणजे हो पोरी हो, करत नदीपलीकडचं सगळं गाव सांगत बसली होती. पोरगी कितीतरी दिवसांनी हसत घरात शिरली.

रात्री पानात नुसतं वरण पाहून हे म्हणाले, “पाचवीत आजकाल भेंडीच शिकवतात का?”

पण पाढ्यांपाशी घोडं अडलं. वर्गात कुणी विचारलं की शुभा आधी मराठीत हिशेब करी, मग त्याचं हिंदी करी, तोवर पोरं हसत. एकदा रडतच आली. बाईंनी तिला जवळ ओढलं.

“हसू दे पोट्ट्यांले. मनात मराठीतच मोज, तोंडातून हिंदी काढ. मी बी तसंच करते.”

“तुमी बी?”

“मंग! ओठ काहून हलतात माझे?”

परीक्षेच्या दिवशी मी भिंतीशी बाकावर बसले होते, शेजारी बाई. इतिहास झाला, विज्ञान झालं, शुभा तुटकं का होईना पण बोलली. मग मॅडमनी विचारलं, “तेरह सत्ते?” शुभाचे ओठ हलू लागले. आवाज नाही. मॅडमनी पेन उचललं.

“रुकिए मॅडम,” बाई म्हणाल्या. “गिन रही है।”

बाईंनी हे इतक्या शांतपणे म्हटलं की मॅडमचं पेन खाली आलं. सगळे थांबले. मग शुभा म्हणाली, “इक्यानवे।”

माझी मुलगी पाचवीतच राहिली. पुढे ती खूप शिकली, पण मी आजही म्हणते की त्या दिवशी तिच्यासाठी कुणीतरी थांबलं, म्हणून. बाईंचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

आता शुभा इथेच नोकरी करते. मी मराठीत बोलावं आणि तिने हिंदीत उत्तर द्यावं, हे घरात रोजचंच. “पोरी, मराठी विसरलीस की काय?” म्हणून मी चिडते. “अरे आई, समझती तो हूँ!” म्हणते.

गेल्या वर्षी बाई गेल्या. तेरवीला गल्लीत पंगत बसली. बाईंच्या हाताखालून गेलेली माणसं कुठून कुठून आली होती. वाढण्याचं शुभाने अंगावर घेतलं होतं. बुंदीचं घमेलं घेऊन उभा असलेला आचारी घाई करू लागला, “दीदी, कितने हुए? जल्दी बताइए।”

शुभा ओणवी होऊन एकेका पत्रावळीला बोट लावत पुढे सरकत होती.

“रुकिए भैया,” मान वर न करता ती म्हणाली, “गिन रही हूँ।”

मी वरणाची बादली घेऊन अगदी तिच्या मागे होते, म्हणून मला ऐकू आलं. ओठांतल्या ओठांत ती पुटपुटत होती, “सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास…”