सातव्या सदस्याचं नाव

टेमघरला आमच्या घरापासून चारशे पावलांवर एका ट्रस्टचा तीस खाटांचा दवाखाना होता. अक्षर बरं म्हणून त्याच्या समितीचं चिटणीसपद माझ्याकडे आलं. साल दोन हजार पाच-सहा असेल. सदस्य सहा: एक डॉक्टर, मी आणि चार जमीनमालक-व्यापारी. वॉर्डात कुठं काय असावं हे आम्ही महिन्यातून एकदा बसून ठरवायचो. वॉर्डात रोज आठ तास उभं राहणारं आमच्यात कोणी नव्हतं. मी तसं बैठकीत बोललो आणि सगळ्यांत जुन्या परिचारिकेला सदस्य करायचं ठरलं.

विचारायला गेलो तेव्हा त्या सलाइन लावत होत्या.

"मी समितीवर? चहा द्यायला का?"

"मत द्यायला."

"आणि ड्युटी कोण करणार? तुमचे अध्यक्ष?"

तरी आल्या. पहिल्या दोन बैठका त्यांनी नुसत्या ऐकल्या. तिसऱ्या बैठकीत प्रसूतिगृह वरच्या मजल्यावर न्यायचा विषय निघाला. खाली अध्यक्षांना स्पेशल खोल्या हव्या होत्या. लिफ्ट नव्हती.

"जिन्यात स्ट्रेचर वळत नाही," त्या म्हणाल्या. "वडप्याहून रिक्षातून कळा देत आलेली बाई वर न्यायची कशी?"

अध्यक्ष त्या चौघांतलेच, मानकोलीचे. ते हसले. "आमच्या आया शेतात बाळंत झाल्या, सिस्टर. काय झालं न्हाय त्यांना."

"ज्यांना झालं त्या सांगायला राहिल्या नाहीत, दादा."

हात वर झाले. बाजूनं तीन, विरुद्ध डॉक्टर, मी आणि एक व्यापारी असे आम्ही तीन, आणि त्या चौथ्या. अध्यक्षांनी नोंदवही मागितली. माझ्याच अक्षरात सहा पूर्ण नावं होती आणि सातव्या ओळीत नुसतं 'सिस्टर'.

"सिस्टर तर ड्युटीवरची कोण पण असते. नाव न्हाय, तर मत न्हाय."

मतं समसमान झाली की अध्यक्षांचं मत निर्णायक, असा नियम होता.

मी म्हणालो, "चूक माझी आहे. आत्ता दुरुस्त करतो."

"मग सांगा नाव."

मला सांगता येईना. माझ्या आईचं ड्रेसिंग त्यांनी सत्तावीस दिवस केलं होतं. दिवस मोजले होते, नाव विचारलं नव्हतं. डॉक्टरांना आडनाव तेवढं ठाऊक होतं.

शेवटी सिस्टरांनीच सांगितलं: स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव. मी लिहिलं. त्यांनी वाकून पाहिलं.

"शेवटची वेलांटी दुसरी."

मी ती खोडून नीट केली आणि शेजारी सही केली.

"आता मोजा," डॉक्टर म्हणाले.

चार विरुद्ध तीन. अध्यक्षांनी ठरावाखाली सही केली. प्रसूतिगृह खालीच राहिलं. बैठकीत त्यांना सिस्टर म्हणणं काही थांबलं नाही. मीही तेच म्हणायचो.

पुढच्या महिन्यात त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर बाकीच्या पाच परिचारिकांची पूर्ण नावं होती.

"दोन वर्षांनी मी रिटायर होणार," त्या म्हणाल्या. "माझ्या जागी यांतली एक घ्या. तेव्हा नाव शोधत बसू नका."

तो कागद मी नोंदवहीत सातव्या ओळीसमोर चिकटवला.