काळ्या दगडांवरची वयं

वलगावच्या खंडारे मास्तरांबद्दल मी आजवर पुष्कळ बोललो आहे. लग्नात, पंगतीत, स्टाफरूममध्ये — विषय निघाला की मी सुरू व्हायचो आणि लोक हसून हसून बेजार व्हायचे. पण दर वेळी त्यातला एक तुकडा मी गाळत आलो. इतक्या सफाईने गाळला की कधीकधी मलाच वाटायचं, तसं काही घडलंच नाही. तो तुकडा आज सांगतो. आधी कोणाला सांगितलेला नाही — घरातसुद्धा नाही.

मास्तर तुम्हाला आवडतील. आधी ते आवडू द्या, मग माझ्याकडे येऊ.

सत्तावन्न सालची गोष्ट. मी तेव्हा अमरावतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचो. हिवाळ्यात गावात व्याख्यानमाला असायची, तिच्यात मी माया लोकांच्या हरवलेल्या नगरांवर बोललो. माया म्हणजे मध्य अमेरिकेतले प्राचीन लोक. हजार-बाराशे वर्षांपूर्वी त्यांनी जंगलात उंचच उंच देवळं बांधली, उभ्या दगडांवर आकृत्या आणि तारखा कोरल्या आणि पुढे ती नगरं सोडून दिली. कुणा पाद्र्याने जाताना आमच्या कॉलेजला दिलेल्या जाडजूड ग्रंथांतून मी हे सगळं उचललं होतं. मी ठासून सांगितलं, की हे लोक काळाचीच पूजा करत. दगडांवर आहेत ते देव आणि ग्रहताऱ्यांची गणितं. एकाही राजाचं नाव नाही, एकाही माणसाची हकीकत नाही. मोठमोठे पंडित तेव्हा असंच म्हणत होते. टाळ्या पडल्या. आणि अमरावतीत या विषयावर मला खोडून काढणारं होतं तरी कोण?

बाहेर पडलो तर एक उंच, हडकुळे गृहस्थ सायकल धरून उभे. वलगावच्या शाळेत गणित शिकवतो म्हणाले. त्यांना एवढंच विचारायचं होतं, की ते लोक विसाच्या पटीत मोजायचे म्हणजे नेमकं कसं. मी सांगितलं — टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य.

"शून्याले कवडी," मास्तर म्हणाले, आणि इतके खूश झाले की सायकलवर बसायचं विसरूनच गेले. ती हातात धरून माझ्या घरापर्यंत चालत आले, आणि वाटभर प्रश्न विचारत होते.

मग कॉलेजच्या ग्रंथालयातून ते ग्रंथ माझ्या नावावर निघू लागले आणि मास्तरांच्या सायकलला लटकून वलगावला जाऊ लागले. त्यांची इंग्रजी कच्ची. एकेक पान डिक्शनरी घेऊन वाचायचे. त्यांनी एकच नगर धरलं होतं — ग्वाटेमालाच्या जंगलात, नदीच्या काठी, पिएद्रास नेग्रास नावाचं. त्याचा अर्थ काळे दगड, असं मी सांगितल्यावर म्हणाले, मग तर ते आपल्याकडचंच गाव झालं. त्यांच्या सारवलेल्या अंगणात ते नगर मी स्वतः पाहिलं आहे. टिंबांसाठी तुरीचे दाणे, रेघांसाठी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या आणि शून्यासाठी खरीखुरी कवडी. एकेका दगडाची तारीख अशी मांडलेली. एकदा कोंबडीने दोन दाणे टिपले आणि एक दगड दोन वर्षांनी मागे गेला — मास्तर दुपारभर चूक शोधत बसले होते. हे सांगितलं की लोक हमखास हसतात. मीही हसतो, अजून.

मास्तर छप्पन साली नागपूरला जाऊन बुद्धाचा धम्म घेऊन आले होते. आमचं घर देशमुखांचं, अचलपूरकडे काळी जमीन असलेलं. मी त्यांच्या घरी जाऊन जेवायचो, आणि जेवतो याचा मला केवढा अभिमान होता. तोही सांगून टाकतो, कारण पुढचं त्याच्याशी अगदीच असंबद्ध नाही.

एका रविवारी गेलो तर मास्तर अंगणात येरझाऱ्या घालत होते. झालं होतं असं. त्यांची आई जुन्या चालीने वय विसांत मोजायची — म्हातारा चार विसा झाला, सून एक वीस आणि वर तीन. मास्तर तारखा मांडून, एकाच देवळापुढे उभ्या दगडांच्या गटातल्या पहिल्या दगडापासून शेवटच्यापर्यंत किती वर्षं होतात ते मोठ्याने मोजत होते. माय तूर निवडत बसली होती. तिने मान वर करून विचारलं, "कोनाकोनाचं वय मांडून राहिला बापू? तीन विसाच्या लय वर तं कोनीच गेलं नाही."

तिला काय ठाऊक देव आणि ग्रह! तिला ती माणसांची वयं वाटली. आणि मास्तर जागच्या जागी थिजले.

त्यांनी मला एकेक गट दाखवला. प्रत्येक गटाचा पहिला दगड सारखाच — उंच कोनाड्यात एक जण बसलेला, खाली शिडी, शिडीवर पावलांचे ठसे. हा गादीवर बसला तो दिवस, मास्तर म्हणाले. त्याच गटातल्या दगडांवर आणखी एक तारीख येते, गादीच्याही बरीच आधीची. ती जन्माची. मी म्हटलं, मग जन्मला तेव्हाचा दगड कुठे आहे? मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते वर्गातल्या मठ्ठ मुलाकडे प्रेमाने पाहत असतील. बाप पोराला शाळेत घालायला आणतो तेव्हाच ते जन्मतारीख लिहितात ना? जन्मला त्या दिवशी त्याची तारीख कोण लिहून ठेवतं? पुढे कोणी मोठा झाला तर लिहितात, मागचं.

"सर, हे देव नाहीत," ते म्हणाले. "देवाचं वय तीन विसात कसं सरन? हे मानसं हायेत."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो — मास्तर, जगातल्या पंडितांना दिसलं नाही ते तुम्हाला वलगावात दिसलं होय? थट्टेत म्हणालो. तेही हसले. पण त्यांनी अकरा पानं लिहून आणली, स्वच्छ मराठीत, आकृत्यांसह. याचं इंग्रजी तुम्ही करा, म्हणाले, आणि कॉलेजच्या पत्त्याने तिकडच्या विद्वानांना पाठवा; वलगावहून आलेलं कोण उघडून पाहील? मूळ पानंही माझ्यापाशीच ठेवून गेले. त्यांच्या घरी पावसात गळायचं.

मी भाषांतर केलं. मन लावून केलं, खोटं कशाला बोलू? आणि ते करतानाच, सातव्या की आठव्या पानावर, मला कळलं की हा माणूस बरोबर आहे. कुठेही फट नव्हती. टाळ्या घेतलेलं माझं व्याख्यान त्या अकरा पानांखाली चिरडून गेलं होतं.

पाकीट तयार केलं, पत्ता घातला. आणि टेबलाच्या खणात ठेवलं.

का? मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. चुकलं तर कॉलेजचं हसं होईल, माझं नाव खाली आहे, परीक्षा झाल्या की बघू. पण चुकायची भीती मला नव्हतीच — ते बरोबर आहे, हे मला ठाऊक होतं. भीती उलटी होती. तिकडून उत्तर आलं असतं ते मास्तरांच्या नावाने आलं असतं. मग व्याख्यानमालेत कोण उभं राहिलं असतं, आणि खाली कोण बसलं असतं? आणि समजा मास्तरांच्या जागी माझ्याच नात्यातला कोणी देशमुख असता, तर पाकीट टाकलं असतं का? इतकी वर्षं मी हा प्रश्न चुकवत होतो. टाकलं असतं. आणि वर, मीच याला शिकवला, म्हणून मिरवलंही असतं.

मास्तरांनी विचारलं तेव्हा सांगितलं — टाकलं.

ते वर्षभर विचारत राहिले. मग कमी विचारू लागले. मग मलाच वाईट वाटू नये म्हणून म्हणू लागले, मोठी माणसं, त्यांना वेळ नसेल. पुढे त्यांना अकोल्याला ट्रेनिंग कॉलेजात सरकारी नोकरी लागली. स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडी हलेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

दोन-तीन वर्षांनी नागपूरच्या एका ग्रंथालयात एक परदेशी नियतकालिक हाती आलं. तिकडच्या एका विदुषीचा लेख. तेच नगर. तेच दगडांचे गट, तोच कोनाडा, तीच शिडी, तीच पावलं. एकेका गटाची वर्षं एका माणसाच्या आयुष्याएवढीच. हे देव नाहीत, हे राजे आहेत — त्यांचा जन्म, त्यांचं गादीवर बसणं. माया लोकांचा सगळा अभ्यास त्या लेखाने फिरवला, हे पुढे जगाने मान्य केलं. त्या बाईंनी स्वतःच्या कष्टाने आणि बुद्धीने ते शोधलं होतं, त्यात काही शंका नाही. फक्त त्याआधी ते वलगावच्या एका अंगणात सापडलं होतं, आणि त्याचा कागद माझ्या खणात होता.

घरी आलो आणि पाकीट फाडलं. मूळ अकरा पानंही फाडली, आकृत्यांसकट. मी उघडा पडेन असं त्यानंतर काहीच उरलं नाही.

एवढं सांगून थांबता आलं असतं तर बरं होतं. पण गाळलेला तुकडा इथे संपत नाही.

त्याच वर्षी परीक्षेच्या कामाने अकोल्याला गेलो. मास्तरांकडे उतरलो. वहिनींनी पातोडीचा रस्सा केला होता — मला आवडतो हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. जेवता जेवता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, काळ्या दगडांचं काय चाललंय? मास्तर म्हणाले, सोडून दिलं. वह्यांतली कोरी पानं पोरांना गणितासाठी फाडून दिली. एवढ्या मोठ्या लोकांना पत्र गेलं आणि एका ओळीचंही उत्तर आलं नाही, याचा अर्थ न कळण्याइतका मी काही खुळा नाही. मग भाकरीचा तुकडा हातातच ठेवून माझ्याकडे पाहत म्हणाले, "चुकलं असन आपलं, सर."

तो लेख वाचून मला महिनासुद्धा झाला नव्हता. त्यातले परिच्छेद मला पाठ होते. एक शब्द बोलायचा होता — नाही. नुसतं नाही. पण त्याच्या मागोमाग पाकीट आलं असतं, खण आला असता, फाडलेली पानं आली असती.

मास्तरांशी मी नेहमी पुस्तकी बोलायचो. त्या दिवशी मात्र अगदी घरच्यासारखा बोललो.

"असन," मी म्हणालो.

मास्तरांनी मान हलवली. चेहऱ्यावर राग नाही, दुःखही नाही — ओझं उतरल्यासारखं काहीतरी. मग रश्श्याचं पातेलं माझ्याकडे सरकवत म्हणाले, "बरं झालं सर. तुमी तरी खरं सांगतलं."

मी पोटभर जेवलो. त्यानंतर ते बरीच वर्षं होते, आणि मी दरवर्षी त्यांच्याकडे जात राहिलो.