बंड्याचं प्रस्थान

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच हसलात तर मी उठून जाईन. हा किस्सा मी घरात कोणालाही पुरा करू देत नाही. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सुरुवात केली की मी मुद्दाम भांडी आपटते. पण आज चहा तुम्ही पाजलाय, तेव्हा सांगणं आलं. मूर्खपणा माझाच होता, आणि तो मी चारचौघांत नाही, विमानतळावर, रांगेसमोर, ब्लाउजची बाही वर करून केला!

थांबा, क्रमाने सांगते.

बंड्या म्हणजे माझा कुत्रा. जात विचारू नका, त्याच्या आईलाही सांगता आली नसती. एक कान उभा, एक पडलेला. कॉलेजात असताना कारखान्याच्या गेटजवळ सापडला आणि आमच्या चिंचवडच्या क्वार्टरमध्ये ठाण मांडून बसला. सकाळी सातचा भोंगा वाजला की हाही आकाशाकडे तोंड करून भोंगा द्यायचा. आळीतले लोक म्हणायचे, तुमच्याकडे दोन पाळ्या चालतात वाटतं!

लग्न ठरवताना मी एकच अट घातली होती. बंड्या माझ्याबरोबर येणार. श्रीधर 'हो' म्हणाला. (नवऱ्याला नावाने हाक मारते म्हणून आत्या अजून कानांवर हात ठेवते. ठेवू दे.) बिचाऱ्याला वाटलं, येणार म्हणजे फार तर भोसरीपर्यंत, सासरी. आणि लग्नानंतर दोनच महिन्यांत त्याच्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी पश्चिम जर्मनीला धाडलं. मी माहेरी, व्हिसाची वाट बघत.

व्हिसा आला. त्यावर शिक्का, अमुक शुक्रवारच्या आत आमच्या देशात पाऊल टाका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यापासून म्हणजे पुन्हा सहा-सात महिने! इकडे बंड्याचा नियम वेगळा. त्याला पिसाळण्याची लस टोचून महिना पूर्ण झाल्याशिवाय तिकडे प्रवेश नाही. त्याचा महिना भरत होता बुधवारी. माझा व्हिसा संपत होता शुक्रवारी. मध्ये विमान एकच, गुरुवारचं.

आणि गुरुवारी काय असावं? अमावास्या!

आत्याने पंचांग मिटलं. आई माझी लवकर गेली, मला वाढवलं या आत्यानेच. म्हणजे भांडायचा हक्क दोघींनाही पुरेपूर.

"विजू, अवसेला कोणी शीव ओलांडतं का?"

"आत्या, जर्मनीत कुठली आलीय अवस!"

"का? चंद्र निराळा आहे का तिथे?"

बी.एस्सी. झालेल्या मुलीला याला उत्तर देता आलं नाही. म्हणून मी आवाज चढवला.

तेवढ्यात अण्णांनी पेपरच्या आडून आपलं पालुपद लावलं. "ते देवीच्या लशीचं बघ हो. दवाखाना संध्याकाळी उघडा असतो. कार्ड लागतं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"जोशांचा दिनू दुबईला गेला तेव्हा..."

"दिनू दुबईला गेला म्हणजे तुम्ही वैमानिक झालात का अण्णा? माझ्या दंडावर लहानपणचे हे दोन वण आहेत, ते काय शोभेला? एकदा टोचलं की टोचलं!"

"मी आपलं सांगितलं," म्हणून अण्णा पुन्हा पेपरात शिरले. सांगा, असल्या म्हाताऱ्यांशी शिकलेल्या माणसाने बोलायचं तरी कसं?

आत्या मात्र अमावास्येवर अडून बसली. शेवटी तिने तोड काढली. प्रस्थान ठेवायचं! तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. जायचा दिवस वाईट निघाला, तर आधीच्या चांगल्या मुहूर्तावर प्रवाशाची एखादी वस्तू शिवेबाहेर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला, असं पंचांग समजून घेतं. अट एवढीच की ती वस्तू परत घरात आणायची नाही. जाताना तिथूनच उचलायची.

"सोमवार उत्तम आहे," आत्या म्हणाली. "तुझा एक रुमाल दे फक्त. थेरगावला सगुणाबाईकडे ठेवते. नदीपलीकडे, शिवाय पश्चिमेला. तुझी जर्मनी तिकडेच ना?"

सगुणामावशी म्हणजे आमच्या दूधवाल्या.

"रुमाल नाही, चिंधीसुद्धा देणार नाही!" मी कडाडले. "एवढी हौस असेल तर बंड्याचं ठेवा प्रस्थान. तोही प्रवासीच आहे!"

टोमणा मारला आणि मी विसरले. चूक इथे झाली. टोमणा समजायला समोरच्यानेही तो टोमणा म्हणून ऐकावा लागतो.

सोमवारी मी सकाळीच भोसरीला गेले. तिथल्या एका सुताराकडे विमान कंपनीने दिलेल्या मापाचा, जाळीचा खोका करायला टाकला होता. टेम्पोतून तो घेऊन दुपारी घरी येते तर बंड्या नाही!

"बंड्या कुठंय?"

अण्णांनी पेपर वर केला. तो उलटा धरलेला होता!

"आत्या, बंड्या कुठंय?"

"आहे हो सुखरूप," आत्या मेथी निवडत म्हणाली. "आता काही त्याची काळजी नको. त्याचा मार्ग मोकळा झाला."

मार्ग मोकळा झाला! तुम्हीच सांगा, याचा अर्थ तुम्ही काय लावला असता? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यांनी माझा कुत्रा देऊन टाकला! मी विमानात बसावं, मागे वळून बघू नये, म्हणून माझ्या पाठीमागे कट केला!

"किती दिवस शिजत होतं हे? अण्णा, तुम्हीसुद्धा?"

"अगं, मी फक्त बसमधून नेला," अण्णा चाचरत म्हणाले. "कंडक्टर त्याचं तिकीट मागत होता..."

"कुठे नेला?"

"थेरगाव."

पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. शेजारच्या जोशांची सायकल ओढली, साडीचा पदर खोचला आणि निघाले. पुलावर समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्याने बैल बाजूला घेतले, मी घंटी न वाजवताच!

सगुणामावशींच्या गोठ्यात बघते तर काय! बंड्या पोत्यावर ऐसपैस बसलेला. कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ, पट्ट्याला कसलंसं फडकं गुंडाळलेलं, पुढ्यात दूध-भाकरी. मला बघून शेपटी हलवली, पण उठला नाही. दूध संपलं नव्हतं.

"या विजूताई! लय गुणाचं हाय हो जनावर."

"मावशी, हा माझा कुत्रा आहे. मी घेऊन चाललेय."

"आत्ता? न्हाई न्हाई, आत्ता कसा न्याल? बेस्तरवारी न्यायचा ना?"

"गुरुवारी मी असते का इथे! वा! म्हणजे सगळं ठरवूनच!"

"व्हय की, ठरवूनच तर आनलाय. ताई, मोडू नगा हो, आत्याबाई मला बोलतील!"

मी काही ऐकेन तर शपथ. बंड्याला ओढत, सायकल ढकलत पूल ओलांडून घरी आणला. दारात उभं राहून आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं भाषण केलं. कपट, विश्वासघात, जुनी पिढी, सगळं सगळं त्यात आलं. जोशीकाकू गॅस बंद करून ऐकायला आल्या. बंड्याने उंबरठा ओलांडला आणि आत्याने कपाळावर हात मारला.

"विजू, मोडलंस ना प्रस्थान!"

"कसलं प्रस्थान?"

"तूच म्हणालीस ना, बंड्याचं ठेवा म्हणून? मी म्हटलं, पोरगी स्वतःचं ठेवू देत नाही, निदान त्या मुक्या जिवाचं तरी नीट होऊ दे. तो राहिला मागे, तर तू तिकडे सुखाने जेवशील का?"

जोशीकाकूंना एकदम आपला गॅस आठवला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात प्रथमच!

मंगळवारही चालतो, असं आत्याने पंचांगातून शोधून काढलं. मी खाली मान घालून बंड्याला पुन्हा थेरगावला पोहोचवून आले. स्वतः. पायी. त्याच्या पट्ट्याचं फडकंसुद्धा नीट घट्ट बांधलं, उगाच आणखी काही मोडायला नको म्हणून. पण स्वतःचा रुमाल? अजिबात नाही! तत्त्व म्हणजे तत्त्व.

गुरुवारी टॅक्सी थेरगाववरून काढली. बंड्याला गोठ्यातून उचललं. खोका टपावर, आत्या-अण्णा मागे, बंड्या त्यांच्या मध्ये, घाटभर आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून. दुपारी मुंबईचा विमानतळ.

तिथल्या अधिकाऱ्यासमोर मी बंड्याचे कागद पत्त्यांसारखे पसरले. त्याने एकेक वाचला.

"लस वेळेत. डॉक्टरचा दाखला आहे. खोका मापात. बाई, माणसं एवढ्या तयारीने येत नाहीत!"

मी वळून अण्णांकडे असं बघितलं, की बघा, शिक्षण कशाला म्हणतात.

"आता तुमचं कार्ड."

"कसलं?"

"देवीच्या लशीचं."

मी हसले. हो, हसले! आणि सगळ्या रांगेसमोर बाही वर करून डावा दंड त्याच्यापुढे धरला.

"हे बघा. एक नाही, दोन आहेत."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई, मग मी जर्मनीला काय तार करू? दंड बघून घ्या म्हणून?"

रांग खिदळली. "पण शास्त्रीयदृष्ट्या..." मी सुरुवात केली.

"शास्त्र राहू द्या. कार्डाशिवाय विमानात चढता येणार नाही."

"अहो, माझा व्हिसा उद्या संपतोय!"

"नियम आहे बाई."

"आणि बंड्या?"

"त्याची काही हरकत नाही," तो म्हणाला. "तो जाऊ शकतो."

खोक्यातून बंड्याने माझ्याकडे बघितलं. तसा त्याचा स्वभाव नाही, पण त्या क्षणी मला त्याच्या चेहऱ्यावर अण्णा दिसले.

मी बंड्याचे कागद गोळा करू लागले. वाटलं, आता ऐकावं लागणार, 'तरी सांगत होतो'. पण अण्णा होते कुठे? चप्पल हातात घेऊन पळत गेले होते. तसेच पळत परत आले.

"विजू, चल! इथे आरोग्य खात्याची खोली आहे, तिथे टोचतात. पहिल्यांदाच टोचलं तर आठवडाभर थांबवतात, पण आधीचे वण असले की आजपासूनच कार्ड चालतं. तुझे वण उपयोगी पडले गं!"

महिन्यापूर्वी बंड्याला टोचताना मी त्याला म्हटलं होतं, शूर ना तू, रडायचं नाही हं. माझ्या दंडात सुई गेली तेव्हा मी अशी किंकाळी फोडली, की बाहेर खोक्यातून बंड्याने सातचा भोंगा दिला.

कार्ड मिळालं. निरोप घेताना मी आत्याच्या पाया पडले आणि म्हटलं, "तुझी अवस नडलीच शेवटी."

"नडली कुठे? चाललीस ना!" आत्या गालात हसली. "प्रस्थान होतं म्हणून निभावलं."

"ते बंड्याचं."

"आणि त्याच्या पट्ट्याला काय बांधलं होतं गं? तुझाच रुमाल! सोमवारी मी बांधला, तो तू मोडून आणलास. मंगळवारी तूच पुन्हा घट्ट बांधून ठेवून आलीस. स्वतःच्या हाताने!"

मी काही बोलणार तोच आतून तो अधिकारी बाहेर आला. बंड्याचा खोका केव्हाच विमानाकडे गेला होता. त्याने हातातला कागद बघितला आणि सगळ्या विमानतळाला ऐकू जाईल असा पुकारा केला,

"मिस्टर बंड्यांच्या बरोबर कोण आहे? लवकर या, ते केव्हाचे जाऊन बसलेत!"

मी हात वर केला. उजवा. डावा उचलवतच नव्हता.