बाळ, चहाचं जरा बघ

निवृत्त झाल्यावर मला कुणी कशावर नेमेल असं वाटलं नव्हतं. होळी गावातल्या आमच्या वाडीत भाजी लावायची आणि शाळेतली मुख्याध्यापिकेची खुर्ची विसरून जायची, एवढाच बेत होता. तेवढ्यात वसईतल्या एका कॉलेजचे प्राचार्य गुच्छ घेऊन दारात उभे राहिले. कॉलेजच्या विकास समितीवर एक स्थानिक प्रतिनिधी लागतो, ती जागा मी घ्यावी, अशी विनंती त्यांनी केली. मी खूश झाले, खोटं कशाला बोलू? नवरा वांग्याच्या आळ्यात पाणी सोडत होता. प्राचार्य गेल्यावर तो तिथूनच म्हणाला, "चला, बाईंना शोभेच्या कुंडीत लावलं." मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

पहिल्या बैठकीत कळलं, की नवरा काही खोटं बोलला नव्हता. लांबलचक टेबल, एसी, बंद खिडक्या. एका टोकाला संस्थेचे अध्यक्षसाहेब, शेजारी प्राचार्य, मग शिक्षकांचे प्रतिनिधी, ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांचे एक प्रतिनिधी आणि माझ्यासारखी बाहेरची एकदोन माणसं. पार दुसऱ्या टोकाला विद्यार्थ्यांची प्रतिनिधी. पाचूबंदरच्या कोळ्यांची मुलगी, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. निवडणूक वगैरे झाली नव्हती, आम्हा सगळ्यांसारखी तीही नेमलेलीच. हुशार, नम्र आणि कॉलेजच्या कार्यक्रमांना पदर खोचून राबणारी, म्हणून तिचं नाव पुढे आलं असावं.

ही व्यवस्था मुळात शहाणपणाची आहे, असं मला आजही वाटतं. एकट्या प्राचार्याला सगळं कॉलेज कुठून दिसणार? वर्गातली अडचण शिक्षकाने सांगावी, ऑफिसातली कारकुनाने, मुलांची मुलांनी, आणि मग सगळ्यांनी मिळून ठरवावं. त्यासाठीच तर प्रत्येकाला खुर्ची दिलेली असते. पण खुर्ची देऊन माणसाला तिच्यावर बसूच द्यायचं नाही, ही कला मी त्या कॉलेजात पाहिली.

ती अशी. विद्यार्थ्यांशी संबंधित विषय निघाला, की अध्यक्षसाहेब मायेने म्हणत, "बाळ, चहाचं जरा बघ." मुलगी लगेच उठे. पँट्रीत शिपाई चहा उकळत असे, तिने कप भरून ट्रे आणायचा. ती परत येईपर्यंत विषय सर्वानुमते मंजूर झालेला असे. मग ती सगळ्यांपुढे कप ठेवी, आणि कुणीतरी तिला म्हणे, "वा, फक्कड!" पहिल्या वेळी मला हा घरगुतीपणा वाटला. दुसऱ्या वेळी मी टोकलंच. "तिला विचारलं का कुणी?" अध्यक्षसाहेब हसले. "मॅडम, ती काय नाही म्हणणार आहे?" बाकीचेही हसले. मी म्हटलं, विचारल्याशिवाय कसं कळेल? तोवर त्यांनी पुढचा विषय घेतला होता.

मग त्या खोलीचं प्रकरण आलं. तळमजल्यावर मुलींची एक कॉमन रूम होती, तिला लागून न्हाणीघर. कॉलेजच्या मूल्यांकनासाठी बाहेरून तज्ज्ञ मंडळी येणार होती, त्यांना बसायला चांगली जागा हवी, म्हणून त्या खोलीचा पाहुण्यांसाठी कक्ष करायचा घाट घातला होता. समितीपुढे विषय यायचा होता, पण खोलीला कुलूप आधीच लागलं. मला हे त्या मुलीकडूनच कळलं. बाजारातून भाजीचं बी घेऊन परतताना कॉलेजच्या गेटवर ती भेटली.

"मॅडम, रूमला कुलूप घातलंय. रंग द्यायचाय म्हनतात. आता आमी कुठे जायचं?"

मी विचारलं तेव्हा तिने समजावून सांगितलं. पहाटे होड्या लागल्या, की पाचूबंदरच्या पोरी आयांबरोबर लिलावाला जातात. घेतलेली मासळी बर्फात भरायची, टेम्पोत चढवायची, बाजारात आईची जागा मांडून द्यायची. तिथून घर उलट्या दिशेला. घरी जाऊन आंघोळ करावी, तर पहिलं लेक्चर बुडतं. म्हणून त्या थेट कॉलेजात येतात, कॉमन रूममध्ये हातपाय धुतात, पिशवीतले कपडे घालतात आणि वर्गात बसतात. "नाय धुतलं, तर बाजूला कोन बसत नाय मॅडम," ती म्हणाली. "दोघीतिघी तर यायच्याच बंद झाल्यात."

"अगं, मग बैठकीत सांग. तू सदस्य आहेस."

"सांगनार कशी? तो विषय आला की मी बाहेर असते ना."

तक्रार नव्हतीच तिच्या आवाजात. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, या खेपेला उठू नकोस. ती मग म्हणाली, "एवढ्या मोठ्या मानसाला नाय कसं म्हनू, मॅडम?" खरंच होतं. नाही म्हणायचं धाडस तिने करायचं आणि आम्ही टेबलाभोवती बसून बघायचं, हा कुठला न्याय?

बैठकीच्या दिवशी समुद्राने होड्यांना उशीर केला. आमचे दोनतीन विषय होऊन गेल्यावर दार उघडलं आणि मुलगी आत आली. सलवारीचे काठ ओले, बाहीला खवले, आणि बंद खोलीत क्षणात पसरलेला बोंबलांचा वास. "सॉरी सर," म्हणून ती आपल्या जागेवर जाऊन बसली. एका प्राध्यापकांनी रुमाल काढला. कुणीतरी उठून खिडकी उघडली. मला त्या सगळ्यांची लाज वाटली. यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी रविवारी हीच मासळी तळतात.

पुढचा विषय तळमजल्यावरच्या खोलीचा होता. अध्यक्षसाहेबांनी सवयीने मान वळवली. "बाळ, चहाचं जरा..."

मुलगी अर्धी उठली. अध्यक्षसाहेबांची नजर तिच्या हातांवर गेली आणि त्यांचं वाक्य तिथेच अडलं. "राहू दे, राहू दे. चहा नंतर घेऊ." सगळ्यांनी घाईघाईने माना हलवल्या. त्या हातचा चहा त्या दिवशी कुणालाच नको होता.

मुलगी खाली बसली. मग अध्यक्षसाहेब जरा नाराजीने म्हणाले, "बैठकीला येताना नीट आवरून यावं, नाही का?"

"सर, आवरायच्या खोलीला कुलूप आहे," ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, आता थांबू नकोस, सगळं सांग. तिने सांगितलं, अगदी गेटवर मला सांगितलं होतं तसं. फुलपाड्याच्या मुलींचंही सांगितलं. त्यांच्याकडे टँकर आला नाही, की त्याही इथेच तोंड धुतात. बोलताना ती टेबलाकडे बघत होती, पण थांबली नाही.

प्राचार्य गडबडले. "एवढा मोठा प्रश्न आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"सांगणारी बाहेर कप भरत होती," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, चढू दिला. "पाहुण्यांना दाखवायला खोली हवी तुम्हाला. काय दाखवणार? इथल्या मुली नीट शिकतात हे? त्यांना आत येऊ द्या आधी!"

तेव्हा ऑफिसचे प्रतिनिधी, ज्यांचा आवाज मी तोवर एकदाही ऐकला नव्हता, खिसा चाचपत म्हणाले, "किल्ली माझ्याकडेच आहे." आणि कुणाची परवानगी न विचारता त्यांनी ती टेबलावरून हातोहात तिच्याकडे पाठवली. ती माझ्याही हातातून गेली. अध्यक्षसाहेब काही बोलायच्या बेतात होते, मग म्हणाले, "ठीक आहे. पाहुण्यांची सोय दुसरीकडे करू."

बैठक संपल्यावर मी गॅलरीत उभी राहिले. खाली मुलीने कुलूप काढलं. पिशव्या घेऊन भिंतीला टेकलेल्या चारपाच जणी आत शिरल्या आणि लगेच नळाचा आवाज आला. प्राचार्य माझ्या शेजारी येऊन थांबले. हळू आवाजात, आपल्यातलं बोलावं तसं, म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी प्रतिनिधी जरा बघून नेमायला हवा."

"जरूर बघून नेमा," मी म्हटलं. "फक्त एक विसरू नका सर. आज ती आंघोळ करून आली असती, तर तुम्ही तिला याही वेळी बाहेरच पाठवलं असतंत."