भोपळ्याचा आडवा छेद

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज माझ्याकडे आली हे बरं झालं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

सकाळी ड्रॉइंगच्या बाईंना तांबड्या भोपळ्याचं चित्र दाखवलं. त्या म्हणाल्या, “बाहेरून उत्तम. पण आतल्या बिया मनाने काढल्यात. कापून बघा, मग काढा.”

घरी येऊन भोपळा कापला आणि समोर ठेवून छेद काढला. दुपारी सासूबाईंनी चित्र पाहिलं. “झकास जमलंय की!” म्हणाल्या आणि एकदम थांबल्या. “पहिली सुरी कुणी घातली?”

“मीच,” म्हणाले. अख्खा भोपळा बाईनं कापला तर घरच्या लेकाच्या जिवावर बेततं, असं आमच्याकडे मानतात. आणि आमचे हे सासूबाईंचे एकुलते एक. सकाळीच मोटारीने मोहोळला गेलेत.

सासूबाई जपमाळ घेऊन दाराशी बसल्या.

मी असलं मानत नाही. पण चारची परतीची मोटार दिवेलागण झाली तरी आलेली नाही, आणि हे लिहितेय ते सासूबाईंच्याच शेजारी बसून.

चित्र पुरं झालंय. फक्त खाली माझं नाव घालायला हात धजत नाही. तुम्ही घातलं असतंत?