तेलाखालचं मीठ

अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात गेल्या तीस वर्षांत जेवढा चहा उकळला असेल, त्याहून जास्त पाणी आमच्या चाचांनी एकट्याने उकळलं आणि ते सगळंच्या सगळं रायफलींच्या नळ्यांत ओतलं. ते छावणीच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, हवालदार होते. मी पदवी घेऊन तिथे लिपिक म्हणून लागलो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि रुजू होण्याच्या अर्जावर सही नेमकी कुठे करतात हेही मला ठाऊक नव्हतं. कागद धरून नुसताच उभा होतो, तेव्हा शेजारून एक तेलकट बोट पुढे आलं. "इथी कर, बाबू." त्या दिवसापासून मी त्यांचा बाबू. चाचा तर ते सगळ्या छावणीचेच होते. साहेब लोक तेवढे त्यांना हवालदार म्हणत.

चाचांच्या मते जगातल्या लोखंडाचा शत्रू एकच, मीठ. कोतात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या आणि त्यांच्या सरावासाठी त्यांच्याहून जुनी काडतुसं, कुठल्या जमान्यात भरून लाकडी पेट्यांत मिटून ठेवलेली. या काडतुसाच्या बुडाशी जो मसाला असतो, तो पेटला की त्याचा क्षार नळीत बसतो. डोळ्यांना दिसत नाही. पण पावसाळी हवेतली ओल तो ओढून घेतो आणि चार दिवसांत नळी आतून गंजायला लागते. बाकीचे शिपाई नळीतून चिंदी ओढत, वर तेल लावत आणि जेवायला जात. चाचांना ते पाहवत नसे. "तेल मिठावरून फिरते बाबू, त्याले हलवत नाई," ते म्हणत, "मीठ भेते फक्त पान्याले." म्हणून चांदमारीवरून, म्हणजे गोळीबाराच्या सरावावरून, रायफली परत आल्या की कोतामागे चाचांची चूल पेटायची. बोल्ट काढायचा, नळीचं तोंड बादलीत ठेवायचं, मागून नरसाळं लावायचं आणि किटलीभर उकळतं पाणी सोडायचं. नळी इतकी तापे की फडक्याने धरावी लागे, आणि त्याच आचेवर ती आतून वाळे. मग चिंदी, मग तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय पहिली चिंदी बाहेर आली की ते तिला जिभेचं टोक लावून बघत. हे कुणीही करू नये. मी शंभरदा सांगितलं असेल. ते डोळे मिटून चव घेत, "अजून आहे," असं जाहीर करत आणि किटली पुन्हा चढवत. त्या जिभेची कीर्ती इतकी पसरली होती की लग्नाच्या पंगतीत चाचा बसले की आचारी आधी त्यांच्यापुढे वाटीभर वरण आणून ठेवायचा आणि निकालाची वाट बघत उभा राहायचा.

घरी चाचींची तक्रार वेगळीच. मिठाची बरणी स्वयंपाकघरात ठेवायची चोरी. ती पडवीत, एकटी, वाळीत टाकल्यासारखी. विळा, अडकित्ता, छत्रीच्या काड्या, सायकलची साखळी, सगळ्यांना तीन दिवसांचं गरम पाणी. माझ्या खोलीचं कुलूप एकदा त्यांनी प्रेमाने धुऊन, तेल घालून दिलं. ते इतकं मोकळं झालं की कुठल्याही किल्लीने उघडायला लागलं. तीन दिवसांचा हा नियम ते माणसांनाही लावत. खात्याच्या पहिल्या परीक्षेत मी नापास झालो, तेव्हा चाचा लागोपाठ तीन संध्याकाळी माझ्या खोलीवर आले. पहिले दोन दिवस नुसते बसून गेले. तिसऱ्या दिवशी निघताना म्हणाले, "आता नाई गंजत तू."

एकदा चांदमारीवरून परतताना सावली गावाच्या अलीकडे ट्रक बंद पडला. मेकॅनिक यायला तीन-चार तास होते, आभाळ भरून आलेलं, आणि गाडीत गोळ्या झाडलेल्या चौदा रायफली. चाचा खाली उतरले आणि रस्त्याकडेच्या टपरीवर जाऊन टपरीवाल्या बाईंना म्हणाले की मोठ्या पातेल्यात पाणी उकळा, पत्ती टाकू नका, साखर टाकू नका. बाईंनी विचारलं, मंग हा चहा कोनाले पाजता भाऊ? चाचा म्हणाले, गाडीत पोरी आहेत. बाईंनी ट्रकच्या फाळक्यावरून आत डोकावून पाहिलं, मग शांतपणे पातेलं चढवलं आणि कप किती, हे काही विचारलं नाही.

या माणसाला अभिमान म्हणाल तर एकाच गोष्टीचा होता. त्यांच्या सेवापुस्तकात तीस वर्षांत एकही लाल शेरा नव्हता. चाचींना त्यांनी शब्द दिला होता की निवृत्तीच्या दिवशी तुला ऑफिसात नेईन आणि माझं पुस्तक पानापानाने दाखवीन, लाल कुठे दिसलं तर सांग. दर सहा महिन्यांनी माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारत, "लाल काई आलं नाई ना?" मी पुस्तक उघडून दाखवायचो. ते समाधानाने मान हलवून चुलीकडे जायचे.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना नवे साहेब आले. तरुण, अभ्यासू, चांगले होते. उगाच कुणावर ओरडत नसत. पहिल्याच चांदमारीनंतर ते कोतामागे गेले आणि सरकारी रायफलीत किटली रिकामी होताना त्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी माझ्याच टेबलावरून नोटीस निघाली: शासकीय शस्त्रात पाणी ओतल्याबद्दल कारणे दाखवा. खुलासा मीच लिहून दिला, तीन पानांचा, क्षार आणि आर्द्रता वगैरे घालून. चाचांनी पूर्ण ऐकून घेतला आणि विचारलं, "यात मी कुठी आहे?"

साहेबांनी तो खुलासा वाचला आणि न्यायाने वागायचं ठरवलं. दोन रायफली घ्या, म्हणाले, एकाच पेटीतली दहा-दहा काडतुसं झाडा. एक तुमच्या पद्धतीने धुवा, दुसरीला फक्त तेल. चौथ्या दिवशी मी दोन्ही नळ्या बघेन. तेलवाली गंजली तर नोटीस मागे. नाही गंजली तर ताकीद, सेवापुस्तकात. मला तर आनंदच झाला. दिवस श्रावणाचे, भिंतींना ओल, कागद चिकटत होते. तेलवाली रायफल गंजणार म्हणजे गंजणारच. तेलवालीला हात लावणार नाही, असा शब्द चाचांनी साहेबांना दिला होता; बाकी त्यांना काहीच करायचं नव्हतं. चार दिवस स्वस्थ बसायचं होतं.

तिसऱ्या सकाळी नेहमीप्रमाणे शस्त्रांची मोजणी होती. मी रजिस्टर घेऊन कोताच्या दाराशी, चाचा आत. त्या दिवशी त्यांच्या खांद्याला थर्मास होता. घसा धरला आहे म्हणाले. मोजणीला दहा मिनिटं लागतात, त्या दिवशी अर्धा तास झाला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजलेली होती आणि मुठीत चिंदी होती, लालसर तांबूस. मला कळायला वेळ लागला नाही.

मी म्हणालो, चाचा, हे काय केलं? हाच तर गंज साहेबांना दिसायला हवा होता. एकच दिवस राहिला होता.

"एका दिवसात किती खाते ते, तुले मालूम नाई," ते म्हणाले. मग चिंदी उलटीसुलटी करून बघत राहिले. "तिच्या नळीत लाल दिसलं अन् मी खूश झालो बाबू. खरंच खूश झालो. लोखंड सडून राह्यलं अन् मी हासून राह्यलो. मंग माझीच मले लाज आली."

मी त्यांना विनवलं की निदान ही चिंदी साहेबांना दाखवू, खरं काय ते सांगू. त्यांनी मान हलवली. तेलवालीला हात लावणार नाही असा शब्द साहेबांना दिला होता आणि तो मोडला, हेही मग सांगावं लागेल, म्हणाले; त्यापेक्षा पाण्याची ताकीद बरी. चिंदी त्यांनी चुलीत टाकली.

चौथ्या दिवशी साहेबांनी दोन्ही रायफली उजेडाकडे धरून नळ्यांतून पाहिलं. दोन्ही आरशासारख्या. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण आवाज त्यांनी अगदी हळू ठेवला. "बघा हवालदार, तेल पुरतं." चाचा म्हणाले, जी साहेब. मी तोंड उघडणार तेवढ्यात टेबलाखाली माझ्या पायावर त्यांचा बूट आला, आणि साहेब खोलीबाहेर जाईपर्यंत तो तिथेच होता.

शेरा मलाच लिहायचा होता: शासकीय शस्त्रात पाणी ओतल्याबद्दल ताकीद. लाल शाईचं पेन मी दोनदा खाली ठेवलं. समोर बसून चाचा म्हणाले, "लिही बाबू. ओळ सरळ येऊ दे फक्त."

निवृत्तीच्या दिवशी चाची आल्या. नवी साडी, डोक्यावर पदर, हातात शिरखुर्म्याचा डबा. नारळ-शाल झाल्यावर त्या थेट माझ्या टेबलाशी आल्या आणि पुस्तक मागितलं. चाचा खिडकीपाशी जाऊन बाहेरचा साग बघायला लागले. चाची एकेक पान उलटत होत्या, अक्षरं न वाचता फक्त रंग बघत. शेवटच्या पानावर थांबल्या. चष्मा घरी राहिला होता म्हणून पुस्तक डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ घेतलं.

"बाबू, हे लाल काय लिवलं आहे?"

मी पुस्तक हातात घेतलं. ऑफिसात वाचतात तसं, खणखणीत वाचलं: "यांनी आपल्या ताब्यातील शस्त्रांची निगा राखण्यात अखेरच्या दिवसापर्यंत कसूर केली नाही."

चाचींनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. लाल शाईने लिहिलंय म्हणजे मोठंच काही असेल, त्या चाचांकडे बघून म्हणाल्या, अन् तुम्ही मले लाल शेऱ्याचं उगाच भेव दाखवत होते. मग मला म्हणाल्या, बाबू, एकदा अजून वाच.

मी अजून एकदा वाचलं. चाचा खिडकीबाहेरच बघत होते.